सकाळच्या उन्हातल्या सुया

लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा धुळ्याला असतो आणि मोटारींचं काम करतो. माझ्या डोळ्यांसमोर ग्रीसने माखलेले हात आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय उभे राहिले. प्रत्यक्षात निघालं भलतंच. ह्यांचे हात कारकुनासारखे स्वच्छ. हे गाड्यांचे फक्त मीटर दुरुस्त करायचे. ड्रायव्हरच्या समोर घड्याळासारख्या तबकड्या असतात ना, गाडी किती पळते, पाणी किती तापलं, पेट्रोल किती उरलं ते दाखवणाऱ्या, त्या उघडून बघायच्या, एवढाच ह्यांचा धंदा. पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा भावजय म्हणाली, म्हणजे घड्याळजीच की गं. मी म्हटलं, हो, पण आमच्या घड्याळजीच्या तोंडून ठोका पडत नाही.

ती थट्टा होती, पण खोटी नव्हती. हा माणूस बोलतच नसे. देवपुरात आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागे हातभर अंगण. सासू-सासरे गावी, शेतावर, थोरल्या दिराजवळ. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, सासू नाही, नणंद नाही, नशीब काढलंस बाई. मलाही पहिला महिनाभर तसंच वाटलं. दिवाळी येईपर्यंत मात्र भांडायला तरी घरात कुणी असावं असं वाटायला लागलं. हे सकाळी न्याहारी करून पांझरा नदीच्या पुलापलीकडे आग्रा रोडवरच्या आपल्या टपरीत जात. दुपारी मी डबा पोचवी. संध्याकाळी परत येत, हातपाय धूत, जेवत आणि रेडिओ नसलेल्या त्या घरात भिंतीकडे बघत बसत. रागीट नव्हते, व्यसन नव्हतं. बोलायचं काय हेच त्यांना सुचत नसावं.

शेजारच्या बायका बोलायच्या, पण त्यांच्या अहिराणीतलं शे आणि व्हयनं माझ्या कानाला बसेना आणि माझी नशिराबादकडची बोली ऐकून त्या पदर तोंडाला लावत. धुळं आणि जळगाव काही सातासमुद्रापार नाही, पण सुनेला दोन कोसांवरही परमुलूखच. माझी जीभ मुळात तिखट. तिला वापरायला जागा मिळेना तेव्हा मी गप्प राहायला शिकले. मूल झालं नाही. पहिली काही वर्षं लोक विचारायचे, मग विचारायचे थांबले, आणि विचारणं थांबलं ते मला जास्त लागलं.

त्याच सुमारास ट्रकवाल्यांमध्ये एक टूम निघाली. इंदूरकडून आलेल्या कुणाच्या तरी गाडीत मीटरची सुई लालभडक रंगवलेली होती. ती बघून बाकीच्यांनाही तशीच पाहिजे झाली. कुणाला भगवी, कुणाला पोपटी, कुणाला नव्या नवरीच्या नखासारखी गुलाबी. केबिनमध्ये देवांचे फोटो, गोंडे, मोरपिसं आधीपासून होतीच. आता सुयाही नटल्या पाहिजेत. ह्यांच्या टपरीवर गिऱ्हाइकांची रीघ लागली.

एका सकाळी ह्यांनी काड्यापेटी माझ्यासमोर ठेवली. आत कापसात एक सुई होती, झाडूच्या काडीच्या टोकाएवढी. म्हणाले, "तुन्हा हात रांगोयीवर चांगला बसस. सुई रंगाडवानं जमी का तुले?"

लग्नानंतरचं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य असेल. मी हो म्हटलं. त्यांनी गोणीतून मीटरही काढला, अंगणात ऊन पडतं तिथे पोतं अंथरलं, आणि माझ्या शेजारी बसून मला शिकवायला लागले.

रंग तर कुणीही फासेल. खरी गोम अशी की सुई नटली तरी तिने खरंच बोललं पाहिजे. बंद गाडीत सुई शून्यावर दिसते ती तिथल्या बारीक खिळीला टेकून. खिळीवरून अलगद उचलून पलीकडे मोकळी सोडली की ती शून्याच्याही खाली जाऊन थांबते. ती तिची खरी जागा. तिथे तबकडीवर पेन्सिलीची बारीक खूण करायची आणि मगच सुई काढायची. परत लावताना ती खुणेवर बसवायची आणि मग उचलून खिळीच्या अलीकडे आणायची. हे न करता जो थेट शून्यावर सुई दाबून मोकळा होतो, त्याचा मीटर नंतर उभ्या जन्मात खरं सांगत नाही. सुई काढायची ती दोन चमच्यांच्या दांड्यांनी, दोन्हीकडून एकदम उचलून. माझ्या रुखवतातले चहाचे चमचे त्या कामी लागले आणि वाकले ते वाकलेच.

दुसरी गोष्ट वजनाची. सुईला पुढे लांब नाक आणि मागे आखूड शेपटी असते. दोन्हींचं वजन जुळलेलं असतं. नाकावर रंग चढला की ती पुढून जड होते. म्हणून जुना रंग पार खरवडून काढायचा आणि नवा पातळ करून एकच हात द्यायचा. मग अर्धा बटाटा घ्यायचा, त्यात दाढीचं ब्लेड उभं रोवायचं आणि धारेवर सुई आडवी ठेवून बघायची. नाक खाली गेलं तर शेपटीला मागून लाखेचा कण लावायचा. तरीही झुकली तर रंग काढून पहिल्यापासून.

पहिली सुई मी छान जाड रंगवली, रांगोळीत रंग भरावा तशी. ब्लेडवर ती बघायचं मी विसरले आणि ह्यांनीही माझ्यावर सोडलं. ती पाण्याच्या मीटरची होती. तो ट्रक लळिंगच्या घाटात उकळून उभा राहिला, आणि सुई आपली पाणी गार आहे म्हणत होती. ड्रायव्हर येऊन ह्यांना काय काय बोलला ते ह्यांनी मला सांगितलं नाही. फक्त ती सुई समोर ठेवून म्हणाले, "जड व्हयनी." त्या दिवसापासून प्रत्येक सुई ब्लेडवर चढवल्यावर मी ह्यांना दाखवायची, आणि हे खाली वाकून, एक डोळा मिटून ती बघायचे.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की हे काम माझ्याकडे आलं त्याचं कारण माझी रांगोळी नव्हती. ह्यांनी बटणाचा शर्ट सोडून डोक्यातून घालायचा सदरा धरला होता. कपबशी नको म्हणत आणि चहा पेल्यात, दोन्ही हातांनी धरून घेत. एकदा मी चिमट्यात सुई धरून त्यांच्या हातात द्यायला गेले, तेव्हा त्यांच्या बोटांत ती सुई थरथरत राहिली. त्यांनी ती लगेच खाली ठेवली आणि उठून पाणी प्यायला गेले. वायरी जोडणं, मीटर उघडणं, साफ करणं हे सगळं त्यांना जमत होतं. सुई तेवढी जमत नव्हती. आग्रा रोडवर ह्यांचं नाव होतं ते नेमकं सुईमुळे.

मग सुई काढणं, रंगवणं आणि परत लावणं हे माझं रोजचंच काम झालं. सकाळी ऊन अंगणात उतरलं की आम्ही पोत्यावर बसायचो. आणि नवल असं की सुई समोर असली की ह्या माणसाला वाचा फुटायची. हा मीटर कुठल्या गाडीचा, ती गाडी काय माल नेते, तो ड्रायव्हर कसा गोडबोल्या आहे, लहानपणी गावी विहिरीवर ह्यांनी पहिलं इंजिन कसं पाहिलं, सगळं ते सुईकडे बघत सांगायचे. माझ्याकडे बघत नसत, पण सांगत मलाच होते. मीही बोलायला लागले. एकदा माझ्या बोलीतला एक शब्द ऐकून ते हसले, आणि त्या हसण्याचा मला राग आला नाही. तासाभराने ऊन सरकलं की ते मीटर गोणीत भरून निघून जात आणि घर पुन्हा होतं तसं व्हायचं. मग उद्याच्या सकाळपर्यंत मी नुसता वेळ ढकलत असे.

सुयांना नेलपॉलिश फार चांगलं बसतं हा शोध माझा. गल्ली नंबर पाचमधल्या बांगडीवाल्याकडून मी बाटल्या आणायची, आज लाल, उद्या केशरी, परवा मोतिया. शेजारच्या अक्कांना ते दिसलं. मूलबाळ नाही आणि बाईला नटायचं बघा, असं त्या नळावर बोलल्याचं माझ्या कानावर आलं. माझी नखं कायम राखेने घासलेली, त्यांवर रंगाचा टिपूस नाही, हे कुणी बघितलं नाही. मी खुलासाही केला नाही. खुलासा केला असता तर ह्यांच्या हाताचं सांगावं लागलं असतं.

बरीच वर्षं असं चाललं. मग पारोळ्याचे एक शेठ आले. मारवाडी घर, कापसाचा आणि धान्याचा व्यापार. त्यांनी लेकीच्या लग्नासाठी जुनी मोटार घेतली होती. गाडी धुवून, रंगवून नवीन केली, पण वेगाच्या मीटरची सुई पिवळी पडलेली. त्यांना ती कुंकवासारखी लाल पाहिजे होती. अट एकच. मागे कुणीतरी त्यांच्या दुसऱ्या गाडीच्या मीटरमधलं यंत्रच बदलून ठेवलं होतं, म्हणून मीटर नजरेआड होऊ देणार नाही. ह्यांनी खूण करून सुई काढून घेतली, आणि शेठ तो मीटर फडक्यात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून, धुळ्यातल्या आपल्या व्याह्यांकडे मुक्कामाला गेले. उद्या समोर बसून सुई लावून घेणार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती सुई रंगवली. ब्लेडवर ती जराही हलली नाही. ह्यांनी बघितली, मान डोलावली. मी विचारलं, मीटर तर शेठकडे, मग सुई लावायची कशी. ते म्हणाले, "देखसू." आणि रोजच्यापेक्षा आधी निघून गेले.

मला घरात बसवेना. मी डबा वेळेआधीच भरला आणि पूल ओलांडून टपरीवर पोचले. शेठ स्टुलावर बसले होते, नाक जवळजवळ मीटरला लावून. त्यांचा ड्रायव्हर मागे उभा. बाकड्यावर दोन ट्रकवाले तंबाखू मळत बघत होते. ह्यांच्या चिमट्यात ती लाल सुई होती आणि तिचं टोक थरथरत होतं. खालची दांडी केसासारखी बारीक, तिच्यावर सुईचं भोक बरोबर बसावं लागतं. ह्यांनी दोनदा नेली आणि दोनदा मागे घेतली. उजेड कमी आहे असं काहीतरी पुटपुटले. डोक्यावर लख्ख ऊन होतं. शेठ सभ्यपणानेच म्हणाले की जमत नसेल तर राहू द्या, जळगावला एक माणूस आहे असं ऐकतो, तिकडे जाऊन येऊ.

तेवढ्यात ह्यांनी मला पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणाले, "घर जाय."

मी डबा ठेवला आणि निघाले. पुलाच्या मध्यावर आल्यावर पाय थांबले. आज शेठ जळगावला जातील. संध्याकाळपर्यंत ते दोन ट्रकवाले ही गोष्ट सगळ्या ढाब्यांवर पोचवतील. महिन्याभरात सुया येणं बंद होईल. मग सकाळी अंगणात ऊन येईल आणि पोत्यावर बसायला काही कारणच उरणार नाही. खरं सांगते, ह्यांच्या नावापेक्षा मला माझ्या त्या तासाची काळजी जास्त होती. मी मागे फिरले.

टपरीत शिरले आणि शाळेत शिकवलेल्या भाषेत, पदर सावरून म्हणाले, "शेठजी, सुई मी लावते. घरी रोज मीच लावते."

बाकड्यावरच्यांचे हात थांबले. शेठनी मला बघितलं, मग ह्यांना विचारलं, "भाऊ, बाई म्हणते ते खरं का?"

हे सुईकडे बघत होते. मग म्हणाले, "खरं शे." आणि चिमटा माझ्यासमोर ठेवून उठले.

शेठ व्यवहारी माणूस. त्यांना सुई सरळ पाहिजे होती, हात कुणाचा याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. मी ह्यांच्या जागेवर बसले. ती जागा अजून गरम होती. खुणेवर सुई धरली, बोटाने अलगद दाबली, उचलून खिळीच्या अलीकडे आणली. रोज अंगणात करते तेच केलं. फक्त शेजारी कुणी वाकून बघत नव्हतं.

शेठनी मीटर गाडीत बसवून घेतला आणि पारख करायला निघाले. रीत अशी की गाडी साठाच्या वेगाने एकसारखी न्यायची आणि रस्त्याच्या कडेच्या एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंतचा वेळ घड्याळात बघायचा. बरोबर एक मिनिट लागलं तर सुई खरी. ट्रकवालेही हौसेने गाडीत बसून गेले. टपरीत आम्ही दोघंच उरलो.

हे बाहेर बाकड्यावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, डबा खाऊन घ्या. त्यांनी मान हलवली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाले, "आते बठ्ठास्ले समजी."

मी म्हटलं, "समजू द्या सगळ्यांना. टपरी बंद पडण्यापेक्षा बरं."

मी म्हणत होते तेच बरोबर होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही वाटतं. पण त्यांची पाठ बघून मी डबा उचलून त्यांच्या शेजारी नेऊन ठेवला.

गाडी परत आली तेव्हा शेठ खिडकीतूनच घड्याळ दाखवत होते. एक मिनिट, ना इकडे ना तिकडे. लग्नानंतर त्यांनी आमच्याकडे बुंदीचे लाडू पाठवले, आणि त्यांच्या तोंडून पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत सगळ्यांना कळलं की आग्रा रोडच्या टपरीत एक बाई सुया लावते. लोक हसतील असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. ज्याला त्याला आपली गाडी सांभाळायची असते. काम दुपटीने वाढलं. नळावरच्या अक्काही आता नेलपॉलिश कुठल्या रंगाचं आणलं ते आदराने विचारायला लागल्या.

शेठ गाडी घेऊन पारोळ्याला परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पोतं अंथरलं. बटाटा चिरला, त्यात ब्लेड रोवलं आणि बसले. हे अंघोळ करून बाहेर आले, तसेच चपला घालून निघाले. म्हणाले की आता लपवायचं काय, मीटर घरी कशाला आणायचे, तू टपरीवरच येत जा. चहासुद्धा तिकडेच घेईन म्हणाले. मी त्या उन्हात बसून राहिले. तोवर मला कळलंच नव्हतं की शेजारी बसून, वाकून बघून, ते माझ्या हातांनी आपलंच काम करत होते. काम माझं आहे असं चारचौघांत कबूल केल्यावर त्यांना तिथे बसायला जागाच उरली नव्हती.

टपरीत मी आत बसायची आणि हे बाहेर बाकड्यावर, ड्रायव्हरांच्यात. तिथे मात्र ते बोलायला लागले. मी आतून ऐकायची. हिचा हात कसा आहे, हिने पारोळ्याच्या शेठची सुई कशी लावली, सगळं रंगवून सांगायचे. मला त्यांचा अभिमान ऐकून बरं वाटायचं आणि रडूही यायचं. जगाला माझ्याबद्दल सांगणारा हा माणूस घरी आला की हातपाय धुऊन भिंतीकडे बघत बसायचा.

एका दुपारी माझं मन फार पोरकं झालं होतं. समोर पाण्याच्या मीटरची सुई होती. मी मुद्दाम तिला रंगाचे दोन हात दिले, जाड, आणि ब्लेडवर ठेवली. नाक सरळ खाली गेलं, कुणालाही दिसावं इतकं. मी ह्यांना हाक मारली आणि म्हटलं, जरा बघा बरं, ही ठीक आहे का. मला वाटलं, वाकतील, एक डोळा मिटतील, जड व्हयनी म्हणतील, रागावतील तरी.

ते दारात आले. आत वाकले नाहीत. सुईकडे बघितलंही नाही.

"तू देखं ना?" म्हणाले. "मंग व्हई गयं."

आणि परत बाकड्यावर जाऊन बसले. मी सुई उचलली, सगळा रंग खरवडला आणि पहिल्यापासून पुन्हा रंगवायला घेतली, कारण त्या गाडीला घाट चढायचा होता. बाहेर ते कुणाला तरी सांगत होते की हिच्या हातची सुई कधी चुकत नाही.